राहिलेले पंधरा सूर

४ ऑगस्ट
कॉर्डलला येऊन तीन दिवस झाले आणि मी चक्क शीळ घालतोय. माझी बायको लोर्ना गेल्यावर ओमाहातलं मोठं घर अंगावर यायचं. इथे दोन खोल्या, पुढे लाकडी ओटा आणि नजर पोचेल तिथवर मका. संध्याकाळी वारा त्यातून जातो, तेव्हा वर्गातली पोरं एकसुरात कविता म्हणताहेत असं वाटतं. अडतीस वर्षं पाचवीच्या पोरांकडून कविता पाठ करून घेतल्या; कानात त्या राहणारच.

आज माजी सैनिकांच्या हॉलवर गेलो. इथलं म्हातारं पथक गावोगावच्या सैनिकांना अखेरची मानवंदना द्यायला जातं: पाच बंदुका, तीन फैरी, झेंड्याची त्रिकोणी घडी आणि शेवटी बिगुलावर टॅप्स, म्हणजे चोवीस सुरांची निरोपाची धून. पथकप्रमुख डेल्बर्ट स्ट्रँड एक्क्याऐंशीचा, पाठ अजून ताठ. तुला काय येतं, त्याने विचारलं. म्हटलं, फौजेच्या बँडात तीन वर्षं बिगुल वाजवला, नंतर मास्तरकी आणि कविता. कविता नकोत, मेलेली माणसं ऐकत नाहीत, असं तो म्हणाला. त्यावर आतून वेर्ना कुबिचेक ओरडली, मास्तर, मनावर घेऊ नका, हा तर जिवंतांचंही ऐकत नाही. वेर्ना पथकातली एकटी बाई. बंदूकही तीच साफ करते आणि खसखशीचे कोलाचे, गोड भरलेले पाव, तेही तीच भाजते. मी चार खाल्ले.

एकच गोष्ट खटकली. यांचा बिगुल वाजत नाही. त्याच्या पसरट तोंडात एक डबी बसवलेली आहे. कळ दाबायची, बिगुल ओठाला लावून गाल फुगवायचे, ध्वनिमुद्रित धून आपोआप वाजते. मी म्हटलं, ज्याने देशासाठी आयुष्याची वर्षं दिली, त्याला आपण एक मिनिटाचा खरा श्वास देऊ शकत नाही? डेल्बर्ट म्हणाला, इथे डबीच. आणि टोपी घालून निघून गेला.

९ ऑगस्ट
पहिली मानवंदना. कोरियाच्या लढाईत स्वयंपाकी असलेला एक ब्याण्णव वर्षांचा माणूस. टेकडीवरचं सैनिकी कबरस्तान, ऊन असं की बुटांचं पॉलिश वितळावं.

गाडीतच मी डबी काढून खिशात टाकली. डेल्बर्टला कळलं तेव्हा मी कबरीपासून तीस पावलांवर उभा होतो. कवायतीत एकदा सुरुवात झाली की कोणी कोणाला टोकत नाही. वाजवलं. चोवीसच्या चोवीस सूर, अठरावा सगळ्यात उंच, तोही न थरथरता. जन्मात इतकं चांगलं वाजवलं नव्हतं.

माझी धून दहाव्या सुरावर होती, तेव्हा कुंपणाजवळच्या कबरींच्या रांगेतून दुसऱ्या बिगुलाने साथ धरली. दूर उभा राहून दुसरा बिगुलवाला प्रतिध्वनी देतो, ही जुनी रीत आहे. त्याने मात्र पहिले नऊ सूर सोडले, दहाव्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. विधवेने माझा हात धरला आणि दोन दोन बिगुल आणलेत, त्यांना फार आवडलं असतं, असं म्हणाली. मीही डेल्बर्टला विचारलं, दुसरा कुठे दडवून ठेवलायस? त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. परतीच्या वाटेवर मी डबी त्याला परत दिली. मी आपला खूश.

१७ ऑगस्ट
आजच्या मानवंदनेत दहावा सूर आला नाही.

मी फुंकला. श्वास गेला, ओठ थरथरले, पण बिगुलातून काही निघालं नाही. तो सूर कुंपणाकडून आला. स्वच्छ, गोल, अगदी माझ्या पद्धतीचा. मी तिकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. पण एका कबरीच्या दगडासमोर, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, हिवाळ्यात निघते तशी पांढरी वाफ होती. ऑगस्टात, भर दुपारी. विरली.

घरी येऊन पुन्हा वाजवून पाहिलं. नऊ सूर येतात. दहावा नाही. पुढचे सगळे येतात. जणू तोंडातला एक दात पडावा तसं.

१९ ऑगस्ट
त्या दगडावर नाव आहे ओरिन टेस्क. खाली बिगुल कोरलाय. वेर्नाला विचारलं. ती कोलाच्यांचं पीठ मळत होती, हात थांबले नाहीत, पण सगळं सांगितलं.

ओरिन या पथकाचा बिगुलवाला, एकतीस वर्षं. डबी म्हणजे मेलेल्याच्या तोंडावर मारलेली थाप, असं म्हणायचा. तो स्वतः जानेवारीत गेला, तेव्हा वाजवायला दुसरा कोणी नव्हता, म्हणून ती डबीच आणली. डेल्बर्टने कळ दाबली. थंडी शून्याखाली वीस. नवव्या सुरावर डबीतली बॅटरी मेली.

मग तुम्ही काय केलंत, मी विचारलं. वेर्ना म्हणाली, काय करणार मास्तर, नियम तुम्हाला ठाऊक आहे. मानवंदनेत चूक झाली तर थांबायचं नाही, पुन्हा सुरू करायचं नाही, माफी मागायची नाही. डेल्बर्टने बिगुल खाली घेतला, सलाम केला, आम्ही झेंड्याची घडी घातली. नऊ सुरांवर पुरलं त्याला.

त्यानंतर शाळेतला एक संगीतशिक्षक खऱ्या श्वासाने वाजवायला आला होता. चार वेळा वाजवलं. आता वृद्धाश्रमात नाकात नळी घालून बसलाय, स्वतःचं नावही एका दमात सांगता येत नाही. म्हणून डबी, वेर्ना म्हणाली. डबीतून ओरिनला काही घेता येत नाही.

२० ऑगस्ट
डेल्बर्ट घरी आला होता. ओट्यावर उभा राहूनच बोलला. मास्तर, डबी लाव नाहीतर सोडून दे, तू भला माणूस आहेस. मी म्हटलं, त्याची मानवंदना पुन्हा करू या, पूर्ण. तो म्हणाला, माणूस दोनदा पुरत नाहीत. मी म्हटलं, एकदा तरी नीट पुरलात का? तो गाडीत जाऊन बसला. बराच वेळ गाडी सुरूच केली नाही त्याने.

मी डबी लावणार नाही. सव्वीसला एका परिचारिकेची मानवंदना आहे, वाळवंटातल्या लढाईवर दोनदा जाऊन आलेली. तिला मी कळ दाबून निरोप देऊ? चौथ्या बाकावरचं पोर अडखळलं म्हणून मी कधी दुसऱ्याला त्याची कविता म्हणायला लावली नाही.

२६ ऑगस्ट
दहा ते चौदा गेले. पाच सूर त्याने माझ्या ओठांवरून उचलले. पाच वेळा वाफ. शेवटची दगडापासून दहा पावलं अलीकडे, माझ्या दिशेने.

घरी ओट्याच्या पायऱ्या चढताना तीनदा बसलो.

३ सप्टेंबर
सतरापर्यंत गेले. चष्मा पुसायला काचेवर तोंडाने ‘हाऽ’ केला. काच कोरडी. पुन्हा केला. आरशावर केला. काहीच उमटत नाही. माझ्या आत ऊब उरली नाही. ती कुंपणापाशी आहे, वाफ होऊन.

शवविधीच्या कंत्राटदाराच्या पोरीने पाणी आणून दिलं. आजोबा, तुमचे ओठ निळे झालेत, म्हणाली.

५ सप्टेंबर
मरणाची भीती नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. रात्री छातीवर कोणी गुडघा ठेवतं. पण राग त्याहून मोठा आहे. ओरिन, ती धून तुझा हक्क आहे. माझा श्वास नाही. तू स्वतः बिगुलवाला, तुला हे कळायला हवं होतं. दुसऱ्याच्या ओठांतून ओढलेला सूर आणि डबीतला सूर यांत फरक काय? दोन्ही खोटेच. तुला हवेत ते दिलेले सूर. घेतलेल्यांनी तुझं पोट भरणार नाही, आणि म्हणून तू असाच एकेकाला रिकामा करत राहशील.

मी देईन. पण तू घ्यायचं नाहीस.

७ सप्टेंबर, सकाळी
डेल्बर्टला फोन केला. म्हटलं, आज अकराला जातोय, ओरिनसाठी. नियम मोडतोय. त्याने फोन ठेवला नाही. शेवटी मीच ठेवला.

गणवेश घातला. बटणं लावायला वीस मिनिटं —

७ सप्टेंबर, कबरस्तान
कुंपणाच्या बाकावर बसून लिहितोय. धाप — मध्ये मध्ये थांबतो.

ओरिनच्या दगडापासून तीस पावलांवर उभा राहिलो. नऊ सूर वाजवले. दहाव्याला त्याने ओढलं. मी श्वास सोडलाच नाही. दातांमागे धरून ठेवला. डोळ्यांपुढे काळोख. वाफ अगदी तोंडासमोर, बर्फासारखी गार.

बिगुल खाली घेतला आणि वर्गात बोलायचो त्या आवाजात म्हटलं, टेस्क, सावधान. रांगेत उभा राहा. तुझी पाळी आली की मिळेल.

वाफ मागे सरली. तीस पावलं. दगडापाशी थांबली.

दहावा आला. माझ्या बिगुलातून. अकरा, बारा. पंधरा. सतरावा. मग या बाकावर येऊन बसलो —

आता सात उरले. अठरावा उंच आहे. तेवढा श्वास — माहीत नाही. डबी डेल्बर्टकडे आहे, मागितली तर देईल. मागणार नाही.

गाडीचा आवाज. पथकाची गाडी. कोणी बोलावलं नव्हतं. वेर्ना बंदूक घेऊन उतरली. पाचही जण, पूर्ण गणवेशात. डेल्बर्ट पुढे. तो माझ्याकडे बघत नाही, दगडाकडे बघतोय. मानवंदनेत माफी मागायची नसते, तरी मोठ्याने म्हणाला — ओरिन, चुकलो.

रांग लागली. सलाम. हात खाली येत नाहीत. माझ्यासाठी थांबलेत.

वाफ हलत नाही. ऐकतोय तो.

उभा राहतो. एमेट लिंडाल, बिगुलवाला, हजर. अठरावा सूर मी थरथरू न देता, माझ्या स्वतःच्या श्वासाने —