दोन सेंट आणि एक म्हैस

आई, उद्या तुझ्या नातीचं लग्न आहे आणि मी सेंटच्या दोन बाटल्या पुढ्यात घेऊन बसले आहे. एक जांभळ्या फुलांचं, एक गुलाबाचं, आणि दोन्हींना पावडरीचा वास. घरात उभी फूट पडली आहे. जाऊबाई जांभळ्याची बाटली हुंगून खाली ठेवत नाहीत, तर ह्यांना त्यानं शिंकांवर शिंका. गुलाबाचं लावलं की हे खूश आणि जाऊबाई म्हणतात, "पावडरीचा डबा वतून घेतलाईस काय गं अंगावर?" एरवी मी हसून सोडलं असतं. पण पोरगी आता लांब जायची. ती म्हणाली, "आई, लग्नाच्या दिवसापासून एकच लावत जा. तोच तुझा वास म्हणून माझ्या ध्यानात राहील." तेव्हापासून माझा हात चालेना.

तुझा वास म्हणजे वैरण, शेण आणि कोमट दूध. मंगळवार पेठेतल्या आपल्या गोठ्यात तुझा जन्म गेला, आणि बाहेर जाताना तू मानेला पावडर थापायचीस ती त्यावर वरवर बसायची. मावशीकडच्या लग्नात तुझ्या हाताला अत्तर लावलं, तशीच येऊन तू धारेला बसलीस, आठवतं? म्हैस पान्हा सोडेना. तू चुचकारतेस, पाठ थोपटतेस, ती लाथ झाडते. शेवटी राखेनं हात घासून गोठ्यातलं जुनेर नेसलीस, तेव्हा कुठे बाईसाहेब शांत झाल्या. "वळखलं न्हाय की गं तिनं मला," म्हणालीस. केवढी खट्टू झाली होतीस. मी हसले तर पाठीत धपाटा बसला. तो वास मला आज हवा आहे, आई, आणि तो कुठल्याच बाटलीत नाही.

परवा जांभळं लावून संध्याकाळी कट्ट्यावर गेले, गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून दूध देतात तिथं. दूध मला आता पचत नाही, तरी ग्लास मागून म्हशीला खेटून उभी राहिले. तिनं नाकपुड्या फुगवल्या, मान फिरवली, धार थांबली. म्हशीवाला म्हणाला, "अक्का, जरा लांब हुबं ऱ्हावा की. तुमच्या सेंटानं म्हैस पान्हा चोरतीया." सगळे हसले, मीही हसले, आणि हसता हसता रडू आलं.

काल गुलाबाचं लावून पुन्हा तिथंच गेले. म्हैस रवंथ करत राहिली आणि ग्लास फेसानं भरला.

खरं सांगते, मला जांभळंच जास्त आवडलं होतं. उद्या गुलाबाचं लावणार. तू गेल्यावर हे पत्र तुला कुठं धाडू? घडी घालून पावडरीच्या डब्याखाली ठेवते. मघाशी पोरीनं विचारलं, हेच का निवडलंस? म्हशीचं नाव घ्यायचा धीर झाला नाही. म्हटलं, तुझ्या बाबांना ह्यानं शिंका येत नाहीत.