निवलं काय?

९ नोव्हेंबर, रविवार

जमलं! मोबाइलवरच्या रेसिपीत बीफचा कॅसरोल होता, आपल्या घरात तो मटणाचा झाला. गाजर, दुधी, मसूर, तेल दोनच चमचे, वरून कुस्करलेल्या रताळ्याचा थर. ओव्हन नाही — जाड पातेलं, मंद आच. आई हसत सुटली. ‘कॅसरोल म्हंजे चपात्यांचा डबा ना गो? तो कसा खायचा?’

सोमवार-गुरुवार आपल्याकडे मटण चालत नाही. म्हणून मंगळ, बुध, शुक्र — स्टीलचे तीन डबे, झाकणावर वार लिहिलेले. आईची कोळंबी सोलायची कंपनी सहाला सुटते. चप्पल काढली की ती थेट गॅसपाशी. इतकी वर्षं! आता डबा काढायचा, गरम करायचा आणि बसायचं. घरातल्या पहिल्या पदवीचा एवढा तरी उपयोग व्हावा.

फ्रीझरमध्ये जाण्याआधी डबे पूर्ण निवायला हवेत. प्रत्येक डब्याला आई विचारत होती, ‘निवलं काय बघ.’ नियम किती पटकन उचलला तिने!

११ नोव्हेंबर

पतपेढीतल्या नोकरीवरून यायला साडेसात झाले. आई भाकऱ्या थापत होती. डबा जागच्या जागी. ‘उद्या काढीन.’

१२ नोव्हेंबर

आजही तेच! मी बोलले. नको ते बोलले. ‘मी शिकले तेच तुला खुपतंय!’ आप्पा मध्ये पडले — ‘बाय, शिळा खायची सवय नाय आपल्याला.’ आईने पुढची भाकरी थापायला घेतली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार



आले तेव्हा आई फ्रीजसमोर उभी. हातात शुक्रवारचा डबा. माझ्यासाठी काढला होता. हात ओले, डबा बोटांना चिकटलेला — आणि तिला पत्ताच नाही! मी ओढला. दोन बोटांचं सालपट स्टीलवर राहिलं. रक्त. आणि आई माझ्याच तोंडाकडे बघत होती — ‘काय झाला गो? अशी काय करतेस?’

दुखलंच नव्हतं तिला.

‘कधीपासून?’

‘झाली तीन-चार वर्सं. बर्फात हात घालून घालून बोटांना कळत नाय. गरम नाय, गार नाय. भाकरीचं बरं, ती डोळ्यांना दिसते. तुजा डबा आत निवला, तापला, कायच समजत नाय. म्हणून काढत नव्हते.’

म्हणजे रविवारी ती नियम शिकत नव्हती. तिला कळत नव्हतं म्हणून मला विचारत होती. आणि मी कौतुक करत बसले!

‘सांगितलं का नाहीस?’

‘कामावरून काढतील. आणि तुजा कॉलेज होता.’

१५ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, नसा बधिर झाल्यात. परत कळायला लागेल की नाही, सांगता येत नाही. बर्फ आजपासून बंद. आई बाहेर येऊन म्हणाली, ‘सोमवारी कामाला सुट्टी घेणार नाय हां.’

१६ नोव्हेंबर, रविवार

आईला बघायला कंपनीतल्या तिच्या टेबलावरच्या पाचजणी आल्या. सखूकाकी, येसूबाई, आणखी तिघी. मी सगळ्यांना हात पुढे करून डोळे मिटायला लावले. ‘बाय आता इंजेक्शन देते बघ!’ सखूकाकी म्हणाल्या. हशा पिकला. मी बर्फाचा खडा घेतला. एकेकीच्या बोटांवर धरला. दहा मोजेपर्यंत.

डोळे मिटूनच येसूबाई म्हणाल्या, ‘काय लावायचाय तो लाव की गो लवकर. घरी भात टाकायचाय.’