सतरा नखांची मैना

हत्ती निवारा केंद्र,
मु. पो. कोडलहळ्ळी
दि. ६ जानेवारी २०२५

ती. वच्छलामावशीस,
उत्कर्षाचा शि. सा. न. वि. वि.

इथं जंगलात फोनला रेंज नाही, आणि सोलापुरात रेंज असूनही तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र. मी खुशाल आहे. तुझे गुडघे आणि महिपतीकाकांचा राग, दोन्ही कसे आहेत?

माझं काम आईनं सांगितलं असेलच. सर्कशीतून, प्राणिसंग्रहालयांतून आलेल्या हत्तींचा पूर्वेतिहास शोधायचा. सोपं वाटतं ना? आमच्याकडे एक हत्तीण आहे. कागदोपत्री तिची तीन नावं आहेत. ती एकाच वर्षी दोन गावांत जन्मली आणि १९९१ साली एका प्राणिसंग्रहालयात वारलीसुद्धा. तेव्हापासून चौतीस वर्षं ती रोज दीड क्विंटल चारा खाते आहे.

तिचा माग काढताना एका बंद पडलेल्या सर्कशीच्या वहीत एवढीच ओळ सापडली: 'एक मादी सोलापुरात राहिली, १९९६.' तुम्ही हत्तीण सांभाळली होती असं आई सांगायची. मी ती थाप समजायचे. खरं होतं का गं?

विचारण्याचं कारण गंभीर आहे. वरातींना हत्ती भाड्यानं देणाऱ्या उदयसिंह नावाच्या एका गृहस्थांनी अर्ज केलाय, की ही माझी, १९९१ पासून माझ्याच दारात वाढली, कधी दुसरीकडे गेलीच नाही. त्यांच्याकडे शिक्क्याचा कागद आहे. आमच्याकडे काही नाही. २० फेब्रुवारीला समितीपुढे सुनावणी आहे. तेव्हा काही दाखवता आलं नाही, तर ती पुन्हा साखळीत आणि डीजेपुढे उभी राहील. सोबत आमचा फॉर्म पाठवते. आठवेल तेवढं भर.

लोभ आहेच, तो हत्तिणीवरही असू दे.
तुझी,
उत्कर्षा


शुक्रवार पेठ, सोलापूर
दि. १७ जानेवारी २०२५

चि. उत्कर्षा हीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. थाप काय म्हणतीस गं? नऊ महिने लीद काढलीया मी तिची.

तुझे काका तवा श्रीपूरहून उसाचे वाढे आणून सर्कशीला घालायचे. सर्कस उठली. होटगीला मालगाडीच्या वाघिणीत समदे हत्ती चढले आन एकीला जागाच उरली न्हाय. मॅनेजर काकांना म्हणाला, गुरुवारपर्यंत ठेवा, नेतो. काका हो म्हणाले. कुठला गुरुवार ते कुणी इचारलंच न्हाय.

मागच्या परड्यात बांधली. मी तिला मैना म्हणायची. गल्लीत तीन दिवसाआड पाणी यायचं, आन ही सोंड घालून लोकांची पिपं रिकामी करायची. लोक भांडायला यायचे, आन तिला बघून काकांशीच भांडायचे. नऊ महिन्यांनी मॅनेजर आला, तोबी मंगळवारी. मी तिची ओटी भरली, नारळ दिला, सासरी धाडावी तशी धाडली. आपल्याला लेकरू न्हाय, म्हणून हौस करून घेतली, असं काका आजबी चिडवत्यात.

फॉर्म मायाक्काकडनं भरून घेतला. तिचं अक्षर चांगलं हाय. तीस वर्षं गल्लीतली लग्नं जुळवतीया, फॉर्म भरायची सवय हाय तिला.

ती कशी हाय? पाय कसे हायेत? खरं लिही. काकांचे आशीर्वाद. ते रागात हायेत, पण आशीर्वाद दिलेत.
तुझी मावशी


कोडलहळ्ळी
दि. २७ जानेवारी २०२५

ती. मावशीस उत्कर्षाचा शि. सा. न. वि. वि.

फॉर्म मिळाला. आमच्या संचालकांनी तो दोनदा वाचला आणि मग चष्मा काढून ठेवला. 'वर्ण: सावळा पण तजेलदार. उंची: सात फूट, अजून वाढेल. मामेकूळ: चौकशी चालू. स्वभाव: मनमिळाऊ, पाण्याची आवड. शिक्षण: स्टुलावर बसता येते. अपेक्षा: मुलगा निर्व्यसनी असावा, एकत्र कुटुंब चालेल.' मायाक्कांना माझा नमस्कार सांग. शेवटचा मुद्दा तेवढा बरोबर आहे, हत्तिणी एकत्र कुटुंबातच सुखी असतात. ही मात्र इथं आल्यापासून एकटीच भिंतीकडे तोंड करून उभी असते.

पण मावशी, समिती हे धरणार नाही. फोटो आहे का एखादा? अस्सल हवा, तारखेसकट. आणि तीच ती, असं पटवणारी खूण हवी. कानाची चीर, शेपटीचे केस, नखांची संख्या, काहीही चालेल. दिवस थोडे उरलेत आणि मला खरंच झोप लागत नाही.

काकांचा राग शांत होवो.
उत्कर्षा


शुक्रवार पेठ, सोलापूर
दि. ५ फेब्रुवारी २०२५

चि. उत्कर्षा हीस अ. आ.

फोटो हाय. पण त्यात हत्ती न्हाय.

म्हंजे असं, की मैनाला धाडायच्या दिवशी फोटोवाल्या सिद्धारामला बोलावलं. तो लई शिस्तीचा माणूस. म्हणाला, माणसांची तोंडं मधोमध आली पायजेत. मी, काका, मायाक्का, समदे ऐटीत बसलो. फोटो आला तर वर मैनाचं पोट, पोटाखाली चार पाय, आन माझ्या पदरात सोंडेचा शेंडा. तोंडच न्हाय! काका त्याच्यावर चिडले ते आजपातूर चिडलेत. सिद्धाराम म्हणतो, हत्ती मोठा हाय, माझी चूक न्हाय. मागं स्टुडिओचा शिक्का हाय, १८ मार्च १९९७.

पण नखांचं इचारलंस म्हणून सांगते. त्या दिवशी मी तिची नखं रंगवली हुती. बैलांच्या शिंगांचा लाल रंग उरला हुता, तो. फोटोत एक न् एक मोजता येतंय. मोठ्या हत्तींना अठरा असत्यात म्हणं, हिला सतराच. पुढच्या उजव्या पायाला चारच. जन्मापासनंच तसं हाय असं मॅनेजर म्हणायचा. बघ तुझ्या हत्तिणीची.

काका फोटो द्यायला तयार नव्हते. त्यात त्यांच्या डोक्याला केस हायेत आन दुसरीकडं कुठं पुरावा न्हाय. दोन दिवस जेवले न्हाईत. मग स्वतःच पुठ्ठा कापून पाकीट केलं आन रजिस्टर करून आले.

आन एक सांगायचं राहिलं. मायाक्कानं त्या फॉर्मची नक्कल ठेवली हुती. अक्कलकोटकडून एक स्थळ सांगून आलंय. मुलाची आई म्हणती, उंचीचं आमाला काय न्हाय, नोकरी कायमची असली म्हंजे झालं. नोकरी तिची न्हाय, भाचीची हाय, असं मायाक्कानं सांगितलं. तर ते म्हणाले भाचीचा फॉर्म धाडा. आता तूच बघ.

पायांचं लिहिलं न्हाईस तू. मी इचारलं हुतं.
तुझी मावशी


कोडलहळ्ळी
दि. २१ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस आणि केसवाल्या काकांस,
सा. न. वि. वि.

जिंकलो! उदयसिंहांच्या वकिलांनी पहिला मुद्दा काढला, की हे पाय हत्तीचेच कशावरून? त्यावर चाळीस मिनिटं चर्चा झाली. एका सभासदांना ते मंडपाचे खांब वाटत होते. दुसऱ्यांनी विचारलं, मग खांबांना नखं का रंगवलीत? नंतर अध्यक्षांनी उदयसिंहांना विचारलं, चौतीस वर्षं तुमच्या दारात होती ना, मग नखं किती? ते छातीवर हात ठेवून म्हणाले, वीस, एकदम शुभलक्षणी! फोटोत सतरा. इथं मैनाच्या पायांना मी दहा वेळा मोजली, सतरा. कागदाचा शिक्का तिथंच खोटा पडला.

आता पायांचं. मावशी, मी मुद्दाम टाळलं होतं. मागच्या दोन्ही पायांना साखळीचे खोल व्रण आहेत, आणि डावा नीट टेकत नाही. हे सोलापूरनंतरचं आहे. तू धाडलंस म्हणून झालं असं कृपा करून मनात आणू नकोस.

परवापासून ती भिंत सोडून एका म्हाताऱ्या हत्तिणीशेजारी उभी राहते. म्हणूनच आदेशात एक अट आहे. पूर्वी पाळलेल्या कुणीही तिला भेटायचं नाही. तिनं आता माणसांची वाट बघू नये, हत्तींची बघावी. तुझ्यासाठी मी खास अर्ज करू शकते. तू एवढं केलंस, ते नाही म्हणणार नाहीत. लवकर कळव.

तुझी,
उत्कर्षा


शुक्रवार पेठ, सोलापूर
दि. १ मार्च २०२५

चि. उत्कर्षा हीस अ. आ.

तुझं पत्र वाचून आधी नाचले आन मग लई रडले. व्रणांचं वाचलं आन जेवण गेलं न्हाय. तू कायबी म्हण, नारळ माझ्या हातचा हुता. चांगलं घर हाय का, एवढंबी मी त्या मॅनेजरला इचारलं न्हाय. पोरीच्या लग्नात मायाक्का सतरा गोष्टी इचारती.

तिला भेटायला यायचं म्हणून पिशवी आधीच भरली हुती मी. गूळ, केळी, आन काकांनी पहाटे जाऊन आणलेली वाढ्याची मोळी. एवढी मोळी एसटीत घेत न्हाईत म्हणून त्यांनी कंडक्टरशी आधीच भांडून ठेवलं हुतं. अट वाचली तवा काका पयल्यांदा कुणाशी भांडले न्हाईत. मग म्हणाले, मोळी शेजारच्या बसूच्या म्हशीला घालू.

तिला मी आठवत असंल का, असं इचारणार हुते. आता इचारत न्हाय. म्हातारीजवळ उभी राहती ना, तिथंच राहू दे.

अर्ज करू नगंस. त्या उदयसिंहानंबी 'माझी' म्हणूनच केला हुता.

आमी दोघं बरं हाओत. जेवत जा येळेवर.
तुझी मावशी
वच्छला