म्हातारीचे वॅफल

प्रिय ताई,

पाकीट उलटं करून झटकू नकोस. तुला सवय आहे, पत्र बाहेर काढलं की पाकीट झटकायचंच, जणू आत कुणी लपून बसलंय. या वेळी नको. का, ते शेवटी येईल. आणि मध्येच शेवटावर उडी मारू नकोस, नाहीतर तुझ्यात आणि माझ्यात फरक तो काय राहिला?

तर, त्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी खोटं बोललो. तू सांगत होतीस की बाबा पाय मोडून दवाखान्यात होते त्या सोळा दिवसांत म्हातारीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. बरणीत बुरशी आली आणि ती गेली. सव्वीस वर्षं बाबांनी जिला रोज पीठ-पाणी घालून जगवलं, जिच्या जिवावर आपल्या बेकरीचा प्रत्येक पाव फुगला, ते खमीर संपलं. आता पाय बरा आहे, पण बाबा भट्टी पेटवत नाहीत. दुकानाच्या पायरीवर बसतात आणि येईल त्याला 'बंद आहे' म्हणतात. तू बाजारचं यीस्ट आणू का म्हणालीस, तर म्हणाले, "सव्वीस वर्षांचा संसार झाल्यावर आता परकी बाई घरात आणू?" मग तू आवाज खाली आणून विचारलंस, "अरे, तू जाताना तिच्यातलं थोडं भरून पळवलेली बरणी आहे का अजून?" मी छातीठोक म्हणालो, "म्हणजे काय! ही काय, माझ्यासमोर बसलीय."

ताई, बरणी समोर होती हे खरं. घासूनपुसून लख्ख, पालथी. आतल्या म्हातारीचे मी अर्ध्या तासापूर्वी वॅफल केले होते. चमचाभरही मागे न ठेवता.

रागावू नकोस, आधी सगळं ऐक. मी सध्या बसडेपोमागच्या एका लॉजमध्ये सकाळचा नाश्ता करतो. आलो होतो तीन दिवसांसाठी, सात महिने झाले. पायाला भिंगरी असलेल्या माणसासाठी हा विक्रमच. त्याआधी मी बोटी रंगवत होतो, तिथे एकदा बोटीचं नाव रंगवता रंगवता मी अक्षरं इतकी मोठी काढली की अर्धं नाव एका बाजूला आणि उरलेलं… जाऊ दे, ते नंतर. इथल्या मालकीणबाई पूर्वी पोहायला शिकवायच्या. गळ्यातली शिटी अजून उतरलेली नाही. एक शिटी म्हणजे नाश्ता तयार, दोन म्हणजे कुणीतरी बाथरूमचा नळ उघडा ठेवलाय. लांब शिटी म्हणजे मी काहीतरी केलंय.

म्हातारीला रोज खायला घालायचं तर आधी तिच्यातलं थोडं काढावं लागतं, नाहीतर ती बरणी सोडून चालू लागते. काढलेलं टाकायचं कसं? पीठ वाया गेलं की बाबांचा चेहरा कसा होतो ते तुला माहीत आहे, आणि तो चेहरा मी जाईन तिथे माझ्यासोबत येतो. म्हणून ते उरलेलं मी आठवडाभर एका भांड्यात साठवतो. रविवारी त्यात अंडी, दूध, वितळलेलं लोणी आणि शेवटी चिमूटभर सोडा. सोडा पडला की ते असं फसफसून वर येतं की नवीन पाहुणे दोन पावलं मागे सरकतात. मग वॅफलच्या तापलेल्या साच्यात ओतायचं. आमच्या साच्याची बिजागरी तुटलीय, त्यामुळे झाकणावर मी जुनी इस्त्री ठेवतो. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, किंचित आंबट. त्या चौकोनी खळग्यांत जॅम साठतो तेव्हा मोठी माणसंसुद्धा बोट घालून चाटतात.

कुठे होतो मी? हां, चूक. चार नंबरच्या खोलीत पियानो जुळवणारे काका राहतात. त्या सकाळी ते स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, तुझ्या साच्याचं झाकण अगदी सुरात वाजतं रे. झालं! मी इस्त्री वाजवली, पातेली वाजवली, कढई वाजवली. काका डोळे मिटून 'उतरलाय', 'चढलाय' सांगत होते. मग बरणीची पाळी आली. काका म्हणाले, भरलेली वाजत नाही, रिकामी हवी. मी केली रिकामी, समोरच्या भांड्यात. कडांना लागलेलं होतं म्हणून आवाज दबका येत होता, म्हणून घासली. गरम पाण्याने. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणी सांगण्याआधी भांडं घासलं, ताई, आणि तेच नेमकं नडलं. सूर मात्र छान लागला. त्या आनंदात मी भांड्यात सोडा टाकला.

मग तुझा फोन. तो ठेवला आणि मी धावत जेवणघरात गेलो. शेवटचा तुकडा काकांच्या काट्यावर होता, तो मी हिसकावून घेतला. लांब शिटी. मी त्या तुकड्याच्या खळग्यांत डोकावत उभा, जणू भाजलेल्या म्हातारीत धुगधुगी सापडणार होती. मग सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मालकीणबाईंनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या वडिलांची सव्वीस वर्षं आम्ही जॅम लावून खाल्ली?" कुणी हसलं नाही. डेपोतल्या एका ड्रायव्हरने तर तोंडातला घास थांबवला आणि गिळू की नको, असं मालकीणबाईंकडे बघून खुणेनेच विचारलं.

काका जिना चढले आणि आपली हत्यारांची चामडी पिशवी घेऊन खाली आले. आदल्या मंगळवारी उकाड्याने म्हातारी बरणीबाहेर आली होती आणि फळीवरून थेट त्या पिशवीवर सांडली होती. काका तेव्हा भयंकर चिडले होते, आत्ताच्या आत्ता खरवडून दे म्हणाले होते. मी म्हणालो होतो, 'आत्ता करतो'. पाच दिवस आत्ताच करत होतो. पिशवीच्या झाकणावर पिवळट, तडकलेला पापुद्रा होता, तळहाताएवढा. माझ्या ज्या 'आत्ता करतो'वरून तुम्ही दोघांनी मला लहानपणापासून फैलावर घेतलंत, त्यानेच ती वाचली होती. काकांनी स्वतःच्या पातळ सुरीने एकेक पापुद्रा सोडवला. मला हात लावू दिला नाही.

ते कोमट पाण्यात भिजवलं, पीठ घातलं. पहिला दिवस, काही नाही. दुसरा दिवस, नुसता चामड्याचा वास. मालकीणबाईंनी दार आपटायला बंदी घातली, शिटी खिशात ठेवली. येता-जाता प्रत्येक जण बरणीत डोकावून 'काही खाल्लं का?' विचारायचा, आजारी माणसाचं विचारावं तसं. चौथ्या दिवशी काकांनी बरणीला कान लावला आणि हात वर केला. मग म्हणाले, "बोलली." एक बुडबुडा होता, ताई. एकच. मी मागच्या दाराने बाहेर जाऊन थोडा वेळ उभा राहिलो. दुपारपर्यंत ती बरणीच्या गळ्यापर्यंत आली होती.

आता पाकिटात बघ. कागदाच्या पुडीत पापुद्रे आहेत. जिवंत म्हातारी पातळ पसरून, पंख्याखाली वाळवून चुरलीय. कोमट पाणी, पीठ, आणि चार दिवस धीर. चामड्याचा वास आला तर बाबांना काकांचा नमस्कार सांग. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनमधून पीठ पाठवता येत नाही, आणि पुढचं मला बोलता येणार नाही. मी बरणी पळवली नव्हती. भांडण झालं, मी पिशवी भरली, आणि दोन गावं ओलांडल्यावर बसमध्ये पिशवी उघडली तर कपड्यांत गुंडाळलेली बरणी. झाकणात बाबांच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'रोज दोनदा पीठ-पाणी. तूही जेवत जा.' घरी मात्र त्यांनी चोरीचा गवगवा केला, आणि दोन वर्षं मी चोर राहिलो, त्यांचं गुपित फोडलं नाही. आता तू पुडी त्यांच्या हातात दे आणि म्हण, चोराने माल परत केलाय. ती फुगली नाही, तर उरलेली अर्धी घेऊन मी स्वतः येतो. आणि फुगली, तर त्यांना एवढंच विचार, तरीही येऊ का? चार दिवस मी फोनजवळच आहे. या वेळी खरंच.

तुझाच,
आत्ता करतो म्हणणारा, भिंगऱ्या