गादीवरून न उठता

६ फेब्रुवारी
बीडहून आत्ताच आलो. डॉक्टरांनी डाव्या घोट्याखाली बोटं ठेवून बराच वेळ नाडी शोधली, मग मशीन लावलं. पायाला रक्त कमी जातंय, म्हणून चालताना पोटरी आवळते. "सिगारेट ठेवायची का पाय, तुम्ही ठरवा." दोन साड्या समोर टाकून गिऱ्हाइकाला विचारावं, तसं विचारलं. मी पाय घेतला.

चौसाळ्याला बसमधून उतरल्यावर सुनंदा म्हणाली, "गौरीचं लगीन मे महिन्यात हाय. मांडवात धावपळ तुमी करणार का मी तुमाला धरून फिरू?" एकुलती एक पोरगी, आणि तिच्या लग्नात बायकोच्या खांद्यावर हात टाकून फिरायचं. नको.

पाकीट गटारात टाकलं. भिजायला फार वेळ घेतं. उभा राहून बघितलं.

८ फेब्रुवारी
तलफ हा शब्द लिहिला की ती येतेच. म्हणून यापुढे नुसतं त., आणि सिगारेटला सि.

सकाळी गळ्यातल्या लिंगाची पूजा केली तेवढा वेळ शांत होतो. नंतर डोकं ठणकतंय, घाम. बडीशेप, ओवा, लवंग, पेरू, परत बडीशेप. सुनंदा विचारते, दुकान चालवताय का रवंथ करताय.

गौरीवर ओरडलो, फोन केवढ्यानं वाजवतेस म्हणून. फोन माझाच वाजत होता, माझ्याच खिशात. ती हसली. मला काही हसू आलं नाही.

११ फेब्रुवारी
सि. सोडल्यापासूनचा पहिला बस्ता. चकलांब्याकडची पार्टी, दोन्ही घरची मिळून जीपभर माणसं. सकाळपासून गादीवर. मानपानाच्या साड्या झाल्या, टॉवेल-टोप्या झाल्या आणि नवरीच्या शालूवर गाडी अडली. ते भाव सोडेनात, मी सोडेना.

इथं मी नेहमी उठतो. मागच्या दाराने बोळात जायचं, एक ओढायची, परत यायचं. तोवर त्यांचं आपापसात ठरलेलं असतं. सगळी बाजारपेठ म्हणते, अप्पा लई बेरकी, भाव अडला की उठून जातो आणि गिऱ्हाईक गळाला लागतं. बेरकी कसला, नुसती त. यायची.

आज उठलो नाही. ते माझ्या तोंडाकडे, मी त्यांच्या. नवरदेवाचा चुलता म्हणाला, "मालक, बोला की कायतरी." आणि मी बोललो. "घ्यायची तर घ्या, न्हाईतर समोरचं दुकान उघडं हाय."

गेले. समोरच्याच दुकानात गेले. अख्खा बस्ता गेला.

गफूरचाचा वडिलांच्या काळापासून दुकानात साड्या दाखवतात. उकललेली रास आवरत म्हणाले, "मालक, तुमी भायेर गेले की लोक आपसात समजून घेतेत. तुमी बसले की तुमच्या तोंडाकडं बगतेत. आन तुमचं तोंड सध्या बगायसारखं न्हाई."

१२ फेब्रुवारी
सुनंदा: मग जा की उठून. बोळात जावा, नुसतंच उभं राहा.

दुपारी एक छोटं गिऱ्हाईक अडलं तेव्हा करून बघितलं. बोळात पाऊल टाकताच हात आपोआप खिशात गेला. भिंतीवर माझ्या पाठीचा डाग आहे, इतकी वर्षं तिथं टेकलोय. श्वास रोखून परत आलो. बोळ बंद. मागच्या दाराला कपाट लावून टाकलं.

उठायचं नाही आणि बसवतही नाही. ऐन लग्नसराई. असंच चाललं तर पाय वाचेल आणि दुकान जाईल.

१९ फेब्रुवारी
आज काहीतरी घडलं, लिहून ठेवतो.

बस्ता चौसाळ्यातल्याच ओळखीच्या घरचा. परत शालूवर अडलं. त. अशी आली की बोटं थरथरायला लागली. कुणाला दिसू नये म्हणून समोरची एक उकललेली साडी ओढली आणि घडी घालायला घेतली. मालकाने घडी घालायची नसते. मालकाने गल्ल्यापाशी बसायचं, बोलायचं, चहा सांगायचा. गफूरचाचांनी डोळे मोठे केले, "मालक, द्या हिकडं." दिली नाही.

शालूची घडी नीट घालायची तर दोन्ही हात लागतात, आणि हनुवटीही. जरतार मोडायची नाही, पदर वर आला पाहिजे. पहिली वाकडी झाली. उकलली, परत घातली. मान खाली होती, कान उघडे. नवरीची आई मुलाच्या आईला हळूच म्हणत होती, रंग चांगला हाय पर पोरीला टोचंल. म्हणजे भावाचं भांडण नव्हतंच. तोच रंग मऊ पोतात दाखवला. चहा यायच्या आत बस्ता बांधून झाला.

आणि त.? कधी गेली कळलंच नाही. इतकी वर्षं मी बोळात उभा होतो आणि गादीवर काय बोलतात ते एकदाही ऐकलं नव्हतं.

२० फेब्रुवारी
गफूरचाचांकडून घडी शिकतोय. म्हणतात, तुमची घडी म्हंजे गोधडी दिसतीया. शिकवताना मात्र खूष.

३ मार्च
सकाळचा खोकला कमी. वरणाला हिंगाचा वास येतो हे नव्याने कळलं. सुनंदाला सांगितलं तर म्हणाली, "हिंग मी लगीन झाल्यापासून टाकतीया."

वजन वाढलंय. बटण तक्रार करतंय. करू दे.

१४ मार्च
आष्टीहून होणाऱ्या व्याह्यांचा फोन. विश्वनाथअप्पा. मोकळा माणूस, आवाज मोठा. "बस्ता तुमच्याच दुकानात बांधू. घरचं दुकान सोडून दुसरीकडं कशाला जायाचं?"

हो म्हणालो. फोन ठेवल्यावर अडचण कळली. आमच्यात नवरीच्या साड्या नवरदेवाकडचे घेतात. म्हणजे माझ्या लेकीचा शालू ते माझ्याकडून विकत घेणार. मी भाव काय सांगू? जास्त सांगितला तर लेकीच्या सासरला लुटलं. कमी सांगितला तर मग मी दुकान कशाला मांडलं.

दिवसभर त. आणि त. संध्याकाळी स्टँडवर जाऊन एक सुटी सि. घेतली. पेटवली नाही, वरच्या खिशात ठेवली. दुकानात आलो, चार साड्यांच्या घड्या घातल्या. छातीशी धरून घालायच्या असतात, सि.चा चुरा झाला. चुरा झटकला. हाताचा वास घेतला, खोटं कशाला लिहू.

२६ मार्च
भाजी आणायला स्वतः गेलो. जाताना मध्येच थांबावं लागलं, येताना नाही. हातात पिशवी होती तरी.

६ एप्रिल
गौरीचा बस्ता. सगळं लिहितो.

पाहुणे सकाळी आले. विश्वनाथअप्पा, त्यांची बायको, आणि त्यांची थोरली बहीण, आत्याबाई. घरात शब्द आत्याबाईंचा चालतो हे चपला काढतानाच कळलं. पाणी, चहा झाला. मी ठरवून ठेवलं होतं ते बोलून टाकलं. हात जोडून म्हणालो, "भावाचं बोलायचंच न्हाई. आवडंल ते उचला. घरचंच हाय."

मला वाटलं केवढं मोठं मन दाखवलं. आत्याबाई म्हणाल्या, "आमी काय फुकट न्यायला आलो का?"

"तसं न्हाई, आत्याबाई..."

"मग कसं? लगनात पोरीच्या अंगावर शालू कुणाचा म्हणून चार बाया विचारतील. बापानंच दिला म्हणायचं का? मग आमी काय घेतलं?" आणि भावाला, "ऊठ विश्वनाथ. बीडला जाऊ."

आयुष्य गादीवर गेलं माझं. भाव न करता घेतलेला बस्ता म्हणजे उपकार, आणि उपकाराचा शालू कोण नेसवेल, हे मला कळायला नको होतं का? मोठेपणाच्या नादात पाहुण्यांना भिकारी करून ठेवलं.

विश्वनाथअप्पा उठून पायरीवर गेले, पाकीट काढलं, पेटवली. पंख्याच्या वाऱ्याने धूर सरळ माझ्यावर. त. कसली, सगळं अंगच उठायला लागलं. एक झुरका आणि सगळं आपोआप ठरेल, तेच जुनं. गौरी आतल्या दारात उभी होती. ती पाहुण्यांकडे बघत नव्हती, माझ्या गुडघ्यांकडे बघत होती, उठतायत का म्हणून.

मी सगळ्यात भारी शालू ओढला आणि घडी घालायला लागलो. मान वर न करता म्हणालो, "हा तर तुमाला दाखवणारच नव्हतो. ह्याच्यात एक पैसा कमी व्हायचा न्हाई. परवडत नसंल तर साधी काठपदर दाखवतो."

चपलेत गेलेला आत्याबाईंचा पाय बाहेर आला. "परवडत न्हाई म्हंजे? भाव सांगा तर आधी."

सांगितला. चढवून सांगितला. त्यांनी कपाळावर हात मारला आणि गादीवर मांडी ठोकून बसल्या. मग जे सुरू झालं ते दुपार कलेपर्यंत. त्यांनी पदर उलटा करून जरतार तपासली, बीडमधल्या तीन दुकानांचे भाव तोंडपाठ सांगितले, माझ्या वडिलांचा उद्धार केला. मी एका जागी बसून घड्या घालत होतो आणि इंच इंच सरकत होतो. गफूरचाचा मधेच बोलले, "आत्याबाई, मालकाला जरा पानी तरी पिऊ द्या." एकदाही उठलो नाही. असा भाव मी आजवर कुणाशी केला नव्हता, इतकी मजाही कधी आली नव्हती.

शेवटी त्यांनी जो आकडा धरला तो खरा भाव होता. मला माहीत होतं, त्यांनाही. शालूला हळदीकुंकू लावताना म्हणाल्या, "असला चिवट माणूस बगितला न्हाई बाई." मग सुनंदाला, "पोरगी चांगल्या घरची हाय." सुनंदाने माझ्याकडे बघितलं. लग्नाच्या पहिल्या वर्षात बघायची तसं.

निघताना विश्वनाथअप्पांनी पाकीट पुढे केलं. "भायेर आला न्हाईत एकदा बी. घ्या."

"सोडली."

"कावून?"

"पायासाठी."

हातातल्या पाकिटाकडे बघत राहिले. "लई अवघड?"

"लई."

ते गेल्यावर गौरी म्हणाली, "पप्पा, तुमी माझ्या सासरच्यांना लुटलं." म्हटलं, तुझी आत्याबाई मला लुटून गेली. दोघंही हसत होतो. जिंकलो. आज मी जिंकलो, हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं.

७ एप्रिल
काल त. जिरवली, आणि आज नुसत्या आनंदाने सि. आठवतेय. जिंकलो म्हणून एक ओढावी वाटते. हे डॉक्टर बोलले नव्हते.

११ मे
लग्न झालं. पंगतीला स्वतः वाढलं. मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसभर. सुनंदा मला शोधत होती, बसा म्हणायला. सापडलोच नाही तिला.

गौरी निघाली तेव्हा रडलो, सगळ्यांसमोर.

२० मे
घर रिकामं. लग्नसराई उतरली, दुकानही रिकामं. ताण नाही, भांडण नाही, कुणाशी चिवटपणा करायचा नाही. आणि त. पहिल्या आठवड्यात आली नव्हती एवढी. ताणानेच ओढतो अशी समजूत होती. आता तोही आधार गेला.

दुपारी गफूरचाचांनी मांडणीतल्या दहा-बारा घडीच्या साड्या काढल्या, भराभर उकलल्या आणि माझ्यापुढे टाकल्या. "घ्या मालक." मी घड्या घालायला लागलो. संध्याकाळ झाली.

२९ मे
विश्वनाथअप्पांचा फोन. इकडचं तिकडचं बोलले. ठेवताना म्हणाले, "दोन दिस झाले, वढली न्हाई. बहिणीला सांगू नका, पडलो तर हसंल." मीही पडू शकतो हे त्यांना सांगितलं. बरं वाटलं म्हणाले.

८ जून
पुढच्या आठवड्यात बीडला दाखवायचंय. मशीन काय सांगेल ते सांगेल. सुनंदाने आतापासून देव पाण्यात घातलेत.

आज एकटाच आष्टीला गेलो, गौरीकडे. बसमधून उतरलो आणि शेजारच्या माणसाने पेटवली. त. आली. पहिल्या दिवशी होती तेवढीच, जराही म्हातारी झालेली नाही. घडी घालायला काही नव्हतं, म्हणून चालायला लागलो. गौरी न्यायला आली होती. तिच्याशी बोलत निघालो, मग बोलायचंही राहिलं, नुसताच चालत होतो. चढ लागला, तो संपला.

"पप्पा, हळू चाला की," ती बरीच मागून म्हणाली. "मला गाठता येईना."

थांबलो. पोटरी आता आवळेल म्हणून वाट बघत उभा राहिलो. ती येऊन पोचली, धापा टाकत. मग निघालो.