बदलीचा अर्ज आणि माझ्या दोन ओळी

कुरखेडा, शनिवार

प्रिय मित्र देवराव यास,

वारलूचा सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा छापखान्याच्या पायऱ्या चढू देतो ना? वहिनींना नमस्कार सांग. माझी प्रकृती ठीक, डोके मात्र जागेवर नाही.

तू जुळवून दिलेले दिव्यानीचे लग्न बारा दिवसांवर आले आणि नात म्हणते, लग्नच करायचे नाही. झाले असे, की ती इथे नर्स आणि प्रफुल आलापल्लीकडे वनरक्षक. लग्नानंतर बदली कोणी मागायची, यावरून साक्षगंधापासून दोघांची धुसफूस. शेवटी ती म्हणाली, "आबा, तुमी मास्तर होते. त्याले झोंबणार नाई असं लिहून द्या, मी मोबाइलवर टाकीन." मी बसलो. बाहेर मोहाचा वास, पाखरे बोलत होती आणि 'बदली' हा शब्द काही केल्या ओळीत बसेना. (सातवीत आपण कविता चाल लावून म्हणायचो आणि गुरुजी गणिताचा तास विसरायचे, आठवते? तेव्हापासूनचे हे दुखणे.) मग बदली वगळली आणि लिहिले, 'जिथे तुझी सागवने, तिथेच माझे अंगण.'

संध्याकाळी प्रफुलचा फोन. "आबाजी, लई भारी लिहिते जी ते. मले नाई जमत. तुमीच उत्तर सांगा ना, पण तिले सांगू नका." नाही म्हणायला हवे होते. पण सुचलेली ओळ परत कुठे पाठवायची? सांगितली, 'सोडून साऱ्या वाटा, येईन तुझ्या उंबऱ्याशी.'

आता तो म्हणतो, दिव्यानी आलापल्लीला येणार. ही म्हणते, प्रफुल कुरखेड्याला येणार. अर्ज एकानेही केला नाही! गुरुवारी ती फोनवर ओरडत होती, "तुह्या मोबाइलवरून आलं हाये, पुरावा हाये माह्याजवळ! आता शब्द फिरवून राह्यला काय?" तिकडूनही तेच चालले असावे. "खोटारड्यासंग लग्न नाई करत," म्हणून खोलीत गेली. आमची वच्छला विचारते, "तुमी काऊन जेवून नाई राह्यले?" काय सांगू? तीन दिवस विचार करतो आहे, खोटे नेमके कोण बोलते? दोघेही खरेच बोलतात. एकेक ओळ वाचली की डोळे भरून येतात, दोन्ही एकत्र वाचल्या की ही पोरे राहणार कुठे, तेच मला कळत नाही.

तुझा,
वारलू

ता. क. रविवारी दोघे मोबाइल घेऊन तुझ्याकडे निवाड्याला येतील. प्रफुलची ओळ तू सांगितलीस असे म्हणशील का? तुझ्यावर कोणी रागावत नाही. (फारच ताणले तर दोन्ही तुझ्याच म्हण. पण सागवनाची साधली आहे रे, ती देववत नाही.)

ता. क. २. दिव्यानी आजच मीटिंगसाठी तुमच्या गडचिरोलीला येते आहे, पाकीट तिच्याच हाती देतो. ती वाचणार नाही, माझे लिखाण तिला लांब वाटते.

ता. क. ३. देवराव आबा, मी दिव्यानी. पाकिटाले डिंकच नव्हता. एस.टी.तून प्रफुलले फोन केला, पहिल्यांदा सरळ बोललो, चार मिनिटं लागले. दोघंही गडचिरोलीची बदली मागून राह्यलो. तुमच्या छापखान्यात थांबलेली पत्रिका छापा. फक्त आबानं खाली टाकायले चार ओळी देल्ल्या, त्या काढा. त्याच्यात आमी दोघं सिरोंच्याले राहून राह्यलो.