पट्टी तुटली ती जागा

१२ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोन केला की तू मधेच ठेवून देतेस, म्हणून लिहिते आहे. आपलं थिएटर बंद व्हायच्या आधी तुझ्या त्या जुन्या सिनेमाचा शेवटचा खेळ महिनाअखेरच्या रविवारी आहे आणि तू जाणार, असं शेजारच्या काकूंकडून कळलं. मोतीबिंदू काढून आठवडा होतोय. महिनाभर रडायचं नाही, असं डॉक्टरांनी माझ्यादेखत बजावलं होतं. हा सिनेमा पाहून तू रडली नाहीस, असं आजवर झालेलं नाही. तेही नायक मरतो तिथे नाही, नायिका नावेत बसते तिथे. लहानपणी आम्ही भावंडं पडदा सोडून तुझ्याच तोंडाकडे बघायचो.

सोबत त्याच सिनेमाची नवी, साफ केलेली सीडी पाठवते आहे. महिन्यानं घरी बघ आणि पोटभर रड. तोवर घराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
धाकटी

१७ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

सीडी आल्या आल्या लावली. डोळे कोरडे ठणठणीत. यात नायिका नावेत बसण्याआधी वळून लांबलचक निरोप घेते. तो मी जन्मात ऐकला नव्हता.

तुझे बाबा आपल्या थिएटरात सिनेमाचं मशीन चालवायचे. हा सिनेमा लागला त्या पहिल्याच आठवड्यात नेमकी या निरोपाशी फिल्मची पट्टी तुटली. घरी तू तापानं फणफणलेली, बाबांचा डोळ्याला डोळा लागलेला नव्हता. खाली शिट्ट्या सुरू झाल्या, तशी घाईत त्यांनी हवी त्याहून जास्त पट्टी कापली आणि जोड दिला. तेव्हापासून आपल्या थिएटरात नायिका काठावर उभी असते, आणि पापणी लवते न लवते तोच नाव भर पाण्यात. मालकांनी बाबांची बिनपाण्यानं केली. बाबा मला म्हणाले, बरं झालं, निरोपाचं रडगाणं वाचलं.

स्वतःही तसेच गेले. मी दवाखान्यात चहा आणायला खाली उतरले, वर आले तर चादर तोंडावर ओढलेली. तू तेव्हा शाळेतही जात नव्हतीस.

खेळानंतर बाबांनी जोडलेली ती जुनी प्रत भंगारात जाणार आहे. मॅनेजरला तर रविवारी नवी प्रतच लावायची होती. मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले, आणि जुनी लावायचं कबूल केल्याशिवाय उठले नाही. डॉक्टरांना सांग, डोळा नीट केलात, उपकार झाले. त्यातलं पाणी माझं आहे. मी जाणार.

तुझ्या धाकाला न भिणारी, पण तुझ्यावरच जीव असलेली,
आई

२१ मार्च

ती. आईस,
सा. न.

मला बाबांचा आवाजही आठवत नाही. त्यांच्या हातचं काहीतरी अजून पडद्यावर चालतं, हे इतकी वर्षं पोटात ठेवलंस. मी येते आहे. माझंही तिकीट काढ. माझे दोन्ही डोळे धडधाकट आहेत, तेव्हा तुझ्या वाटचं मीच रडेन. तू नुसतं बघ.

डोळ्यांत घालायचं औषध घेऊन येते. तोवर लोभ असू दे.

धाकटी

२५ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तिकीट काढलं आहे, माझ्या शेजारचंच. पण माझ्या वाटचं मीच रडणार. तू तुझं रड.

तुझी,
आई